क्लाउडचं गाव कुठलं? डेटा सेंटरबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एका उत्तरात ओघात लिहून गेलो होतो की क्लाउड म्हणजे आकाशात काही नसतं, कुठल्यातरी गावात जमिनीवर उभी असलेली इमारत असते, तिला वीज लागते, पाणी लागतं आणि रात्रपाळीला माणसं लागतात. त्या एका वाक्यावर इतके प्रश्न आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. मी सॉफ्टवेअरचा माणूस नाही. महापे-रबाळे भागातल्या डेटा सेंटरमध्ये अकरा वर्षं इलेक्ट्रिकल साईडला काम केलंय, त्यामुळे माझी उत्तरं जनरेटर आणि चिलरच्या (गार पाणी पुरवणाऱ्या मोठ्या यंत्रांच्या) बाजूने येणार हे गृहीत धरा.

प्रश्न : २०१९ च्या पुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं, लग्नापासूनचे सगळे अल्बम गेले. नातेवाईकांकडे जे थोडे फोटो मिळाले ते नातवाने स्कॅन करून गूगलवर टाकलेत. तो म्हणतो, आजोबा आता काळजी सोडा. पण ते फोटो नक्की आहेत कुठे? तिथे पूर आला किंवा आग लागली तर काय? (निवृत्त गणित शिक्षक, सांगली)

सर, नमस्कार. पत्र दोनदा वाचलं. सांगलीतल्या माणसाने हा प्रश्न विचारला की त्याला वरवरचं उत्तर देता येत नाही.

गूगलची डेटा सेंटर्स जगभर आहेत. अमेरिकेत ओरेगनमधलं द डॅलेस हे त्यांनी स्वतः बांधलेलं पहिलं, २००६ सालचं, कोलंबिया नदीच्या काठावर. फिनलंडमध्ये हमिना नावाच्या गावात बंद पडलेली कागदाची गिरणी २००९ मध्ये विकत घेऊन तिथे केलंय, आशियात तैवान आणि सिंगापूरला आहेत. तुमचा अमुक फोटो यातल्या कुठल्या गावात आहे हे कंपनी सांगत नाही, आणि खरं सांगायचं तर तो एका गावात नसतोच.

याचं मूळ कंपनीच्या सुरुवातीच्या दिवसांत आहे. त्यांनी महागडे, कधीच बंद न पडणारे सर्व्हर घेतले नाहीत, साधी स्वस्त मशीनं घेतली आणि ठरवलं की ही बंद पडणारच, आपण त्याची तयारी ठेवू. गूगलच्या जेफ डीन यांनी २००८ मध्ये जाहीर भाषणात आकडे दिले होते: सुमारे १८०० मशीनचा नवा क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणारा ताफा, चालू केला की पहिल्याच वर्षात मशीन बंद पडायच्या साधारण १००० घटना होतात, डिस्क हजारोंनी जातात, वीस वेळा अख्खा रॅक, म्हणजे मशीन रचलेलं उभं कपाट, गायब होतो आणि एकदा तरी वीज वाटणारं युनिट जाऊन ५०० ते १००० मशीन सहा तास आडवी होतात. २००७ मध्ये त्यांनीच एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला, त्यात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात आलेल्या डिस्क दरवर्षी शंभरात आठेक या दराने मरत होत्या. म्हणजे अशा इमारतीत डिस्क मरणं ही बातमी नसतेच, ट्रॉली घेऊन फिरणाऱ्या मुलाचं ते रोजचं काम असतं.

मग डेटा टिकतो कसा, तर २००३ मध्ये गूगलने आपल्या फाईल सिस्टिमची माहिती छापली त्यात असं होतं की डेटाचे ६४ एमबीचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याच्या तीन कॉप्या वेगवेगळ्या मशीनवर, शक्यतो वेगवेगळ्या रॅकमध्ये ठेवायच्या, एक गेली की उरलेल्या दोनांतून तिसरी आपोआप तयार होते. पण तीन कॉप्या म्हणजे तिप्पट डिस्क आणि तिप्पट वीज, ते परवडेना, म्हणून पुढे हिशोबाची युक्ती आली आणि ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली कळेल. समजा दहा मुलांचे मार्क वहीत लिहिलेत आणि खाली बेरीज लिहिलीय. एका मुलाचे मार्क पुसले गेले तरी बेरजेतून उरलेल्या नऊ जणांचे वजा केले की ते परत मिळतात. अशा चार वेगवेगळ्या प्रकारच्या ‘बेरजा’ लिहून ठेवल्या तर कुठलेही चार आकडे गेले तरी सगळे परत काढता येतात. फेसबुकने आपल्या जुन्या फोटोंसाठी हीच दहा अधिक चारची पद्धत वापरली आणि २०१४ मध्ये छापली. चौदा तुकडे चौदा रॅकमध्ये, त्यातले कुठलेही दहा हाताला लागले की फोटो शाबूत.

आता आग आणि पूर. हा प्रश्न अगदी खरा आहे. १० मार्च २०२१ च्या रात्री फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्गला ओव्हीएच कंपनीचं पाच मजली डेटा सेंटर जळून खाक झालं, आणि ज्यांनी कॉपी दुसऱ्या गावात ठेवली नव्हती त्यांच्या नुसत्या वेबसाईटच बंद पडल्या नाहीत, डेटाही कायमचा गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात देजॉनला सरकारी डेटा सेंटरमध्ये युपीएसच्या (लाईट गेली की बॅटरीवर वीज देणाऱ्या यंत्रणेच्या) लिथियम बॅटऱ्या हलवताना आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाईली ठेवायची ८५८ टेराबाइटची साठवण गेली, बाहेर कॉपीच नव्हती. मोठ्या कंपन्या यासाठीच डेटा एकाहून जास्त गावांत ठेवतात. आणि एक शेवटची फळी असते तिचं मला फार कौतुक आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये सॉफ्टवेअरच्या चुकीने जीमेलच्या ०.०२ टक्के लोकांचे मेल उडाले, सगळ्या ऑनलाईन कॉप्यांमधून उडाले, कारण चूक प्रत्येक कॉपीवर सारखीच चालली. ते मेल परत आले ते टेपवरून. आपल्या जुन्या कॅसेटसारखी चुंबकीय टेप, कपाटात ठेवलेली, वायरला न जोडलेली, म्हणून वाचली.

तेव्हा पुराची भीती धरू नका. मला तुमच्या बाबतीत वेगळी भीती वाटते ती सांगतो. फोटो कोणाच्या अकाउंटवर आहेत? तुमच्या नावाचं अकाउंट असेल आणि दोन वर्षं त्यात कोणी लॉगिनच केलं नाही तर गूगलच्या २०२३ च्या नियमाप्रमाणे ते अकाउंट आतल्या फोटोंसकट काढून टाकता येतं. सेटिंगमध्ये इनअॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर म्हणून सोय आहे, तिथे नातवाचा ईमेल टाकून ठेवा म्हणजे अकाउंट शांत झालं तर त्याला कळेल आणि त्याला डेटा उतरवून घेता येईल. पासवर्ड कागदावर लिहून घरात ठेवा. आणि एक हार्ड डिस्क घ्या, त्यात सगळे फोटो उतरवा आणि ती सांगलीत ठेवू नका, पुण्यात मुलीकडे वगैरे कोणी असेल तर तिथे ठेवा. मोठ्या कंपन्या अब्जावधी खर्चून जे करतात ते हेच, दोन गावांत कॉपी.

प्रश्न : आमच्या सरांनी सांगितलं की डेटा सेंटर पाणी ‘पितात’. कॉम्प्युटरला पाणी कशाला लागतं? ते गरम होतात तर एसी लावायचा ना. (बारावीची विद्यार्थिनी, नागपूर)

तू नागपूरची आहेस म्हणून हे समजावणं एकदम सोपं झालं बघ. तुमच्या घरी एप्रिलमध्ये कूलर बाहेर निघतो ना, वाळ्याचे पडदे, टाकीत पाणी, मागे पंखा. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता ओढून घेतं, म्हणून ४५ डिग्रीच्या कोरड्या हवेत कूलर एसीच्या एका कोपऱ्याएवढ्या विजेत खोली गार करतो. आणि तोच कूलर तुझ्या मुंबईच्या मावशीकडे लावला तर नुसता दमटपणा वाढेल, कारण तिथली हवा आधीच पाण्याने भरलेली असते.

सर्व्हरला दिलेल्या विजेची जवळजवळ सगळी शेवटी उष्णताच होते. साध्या रॅकला ५ ते १० किलोवॅट लागतात, म्हणजे कपाटाएवढ्या जागेत चार-पाच घरगुती एसी चालतील एवढी वीज उष्णता होऊन बाहेर पडतेय, चोवीस तास. म्हणून रॅक ओळीत असे मांडतात की तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ, तोंडाच्या गल्लीत गार हवा सोडायची आणि पाठीच्या गल्लीतली गरम हवा वरून ओढून घ्यायची, दोन्ही हवा एकमेकीत मिसळू द्यायच्या नाहीत. यात एवढी साधी गोष्ट असते की रॅकमध्ये रिकामी जागा राहिली तर तिथे पत्र्याचं झाकण लावायचं, नाहीतर गरम हवा तिथून पुढे येते. आमच्याकडे नवीन मुलं ही झाकणं काढून ठेवायची आणि मग वरच्या सर्व्हरचं तापमान का चढलं ते शोधत बसायची.

पूर्वी सर्व्हर रूम म्हटलं की स्वेटर घालून जावं लागायचं, १८-२० डिग्री. गूगलने मग सांगायला सुरुवात केली की गार गल्ली २७ डिग्रीपर्यंत ठेवली तरी मशीनला काही होत नाही. त्या डिस्कच्या अभ्यासातही हेच निघालं होतं की थोड्या जास्त तापमानाने डिस्क जास्त मरतात असं काही दिसत नाही. यात किती वीज वाचते ते मोजायला एक आकडा आहे, पीयूई. इमारतीला आलेली एकूण वीज भागिले प्रत्यक्ष सर्व्हरला पोचलेली वीज. २ आला तर जेवढी कामाला तेवढीच गार करण्यात वगैरे गेली. गूगलचा सरासरी आकडा १.१० च्या आसपास आहे, म्हणजे १०० युनिट कामाला आणि वरखर्चाला फक्त १०. हे फार अवघड काम आहे, मी स्वतः एका साईटवर १.७ वरून १.६ वर यायला दोन वर्षं घासलीत.

एवढा कमी आकडा येतो तो बऱ्याच अंशी तुझ्या कूलरच्या तत्त्वावर. फेसबुकचं ओरेगनमधलं प्राइनव्हिल, २०११ सालचं, तिथे चिलर न वापरता बाहेरची कोरडी हवाच पाण्याच्या फवाऱ्यातून आत घेतात. पहिल्याच उन्हाळ्यात कंट्रोलमधल्या चुकीने आतली दमट हवाच परत परत फिरली आणि इमारतीत खरोखरचा ढग तयार झाला, सर्व्हरवर पाणी साचून पॉवर सप्लाय उडाले. नंतर त्यांनी पॉवर सप्लायवर ओल जाऊ नये म्हणून सील लावली.

आता तुझ्या सरांच्या मुद्द्यावर, म्हणजे पाणी. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता लागते, एक युनिट वीज म्हणजे ३.६ मेगाज्यूल, भागाकार कर. एका युनिटला दीड लिटर येतं. मग एक मेगावॅटची छोटी इमारत सगळी उष्णता वाफेने घालवत असेल तर दिवसाला २४,००० युनिट, म्हणजे ३६,००० लिटर, आपल्याकडचे दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर. आणि शंभर मेगावॅटची असेल तर? द डॅलेस या सोळा हजार वस्तीच्या गावात हेच झालं. गूगल पाणी किती वापरतं हा आकडा गावाने पत्रकारांना द्यायला नकार दिला, प्रकरण २०२१ मध्ये कोर्टात गेलं, २०२२ च्या डिसेंबरमध्ये आकडे बाहेर आले: २०२१ या एका वर्षात सुमारे १३४ कोटी लिटर, गावाच्या एकूण पाण्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त. मला वाटतं यात चूक पाणी वापरण्यापेक्षा लपवण्यात मोठी होती.

पाणी नको असेल तर चिलर लावता येतात, म्हणजे तुझा एसीच, पण मग वीज वाढते. मुंबईत हवा दमट म्हणून बाहेरची हवा सरळ आत घेऊन भागत नाही, चिलरच चालवावे लागतात. हमिनाला समुद्राचं गार पाणी जुन्या गिरणीच्याच बोगद्यातून आणतात आणि उष्णता देऊन परत सोडतात, पण फिनलंडचा समुद्र आपल्याकडे कुठून आणायचा.

प्रश्न : सर्व्हर म्हणजे आपल्या ऑफिसातल्या पीसीपेक्षा वेगळं काही असतं का? (बँक कर्मचारी, ठाणे)

आतून फार वेगळं नाही. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा इथे भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये गूगलचा जो पिंजरा, म्हणजे जाळी लावून वेगळी केलेली जागा, होता तो ७ फूट बाय ४ फूट, आणि त्यात सुमारे ३० पीसी फळ्यांवर मांडलेले. त्याच वर्षी त्यांनी स्वतः बनवलेल्या ट्रेमध्ये चार-चार मदरबोर्ड उघडेच ठेवले, खाली शॉर्ट होऊ नये म्हणून बुचाच्या लाकडाचा थर. तसा एक रॅक आता अमेरिकेच्या स्मिथसोनियन म्युझियममध्ये आहे. पुढे केसचं झाकण, दिवे, नको ते पोर्ट सगळं काढून टाकलं. २००९ मध्ये त्यांनी पहिल्यांदा दाखवलं की प्रत्येक सर्व्हरला स्वतःची १२ व्होल्टची छोटी बॅटरी लावलीय, मोठ्या युपीएसची खोलीच नको. मी तेव्हा युपीएसच्या खोलीतच ड्युटीला होतो, तो फोटो बघून आम्ही सगळे गप्प झालो होतो. फेसबुकने २०११ मध्ये तर आपल्या सर्व्हरची आणि इमारतीची ड्रॉइंगच सगळ्यांना मोफत खुली केली, ओपन कम्प्यूट नावाने, आणि त्यामुळे छोट्या कंपन्यांनाही तसलं सामान बनवून घेता यायला लागलं. मला हे त्यांचं सगळ्यात चांगलं काम वाटतं.

प्रश्न : मध्ये एकदा रात्री व्हॉट्सअॅप, फेसबुक, इन्स्टा सगळं एकदम बंद पडलं होतं. आमच्या सगळ्या ऑर्डर व्हॉट्सअॅपवर येतात, पार्टीला वाटलं मी फोन बंद करून बसलोय. एवढी मोठी कंपनी आणि बॅकअप नाही? (सूत व्यापारी, इचलकरंजी)

ती रात्र ४ ऑक्टोबर २०२१. आपल्याकडे नऊ वाजून गेले होते आणि पहाटे कधीतरी परत चालू झालं, साधारण सहा तास. बॅकअप भरपूर होता हो, डेटा सेंटर सगळी धडधाकट चालू होती, त्यांच्यामधला रस्ता तुटला.

या कंपन्यांची डेटा सेंटर्स एकमेकांना स्वतःच्या फायबरने जोडलेली असतात, त्याला बॅकबोन म्हणतात. त्या दिवशी मेंटेनन्स करताना बॅकबोनची क्षमता तपासायला एक कमांड दिली गेली आणि तिने सगळी जोडणीच बंद केली. अशी धोकादायक कमांड अडवायला एक तपासणी प्रोग्रॅम होता पण त्यातच बग. मग दुसरा प्रकार झाला: फेसबुक डॉट कॉम म्हणजे कुठला पत्ता हे जगाला सांगणारी त्यांची मशीनं अशी बनवली होती की डेटा सेंटरशी बोलणं तुटलं तर आपण आजारी आहोत असं समजून स्वतःला इंटरनेटवरून काढून घ्यायचं. सगळ्यांनीच एकदम काढून घेतलं. म्हणजे दुकान उघडं, माल आहे, पण बाजारातून दुकानाची पाटी, पत्ता, रस्ता सगळं नाहीसं. आणि इंजिनियरांची दुरुस्तीची हत्यारंही त्याच नेटवर्कवर चालणारी, त्यामुळे माणसं प्रत्यक्ष डेटा सेंटरला पाठवावी लागली, तिथे सुरक्षेचे दरवाजे मुद्दाम अवघड केलेले, आत जायलाच वेळ गेला.

मला यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो तो त्यांनी नंतर लिहिलेला विजेचा. लोकांची ये-जा थांबल्यामुळे एकेका डेटा सेंटरची वीज कित्येक मेगावॅटनी खाली गेली होती. सगळं एकदम चालू केलं तर तेवढा लोड झटक्यात परत येणार आणि आतली यंत्रणा बसणार, म्हणून त्यांनी हळूहळू उठवलं. आपल्या गावात लाईट आल्या आल्या सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू झाल्या की डीपी उडतो ना, तेच. याची ते आधीपासून मुद्दाम तालीम करायचे, अख्खं डेटा सेंटर बंद करून बघायचे, त्याचा त्या रात्री उपयोग झाला.

तुमच्यासाठी एकच, पार्टीचे फोन नंबर व्हॉट्सअॅपबाहेर कुठेतरी, वहीत सुद्धा चालतील, पण ठेवा. २०२५ च्या दिवाळीत अॅमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या यंत्रणेत पत्त्यांचाच घोळ झाला आणि जगभरची कितीतरी अॅप काही तास बंद होती, हे होत राहणार.

प्रश्न : ऐरोली ते महापे या पट्ट्यात जुन्या कंपन्या गेल्या आणि खिडक्या नसलेल्या प्रचंड इमारती आल्यात. या सगळ्या इथेच का? आणि त्यांच्यामुळे आमची लाईट जाते का? (गृहिणी, ऐरोली)

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं आधी. तुमच्या सोसायटीची लाईट जाते ती बहुतेक वेळा जवळच्या केबलमुळे किंवा ट्रान्सफॉर्मरमुळे. डेटा सेंटरला वेगळ्या उच्च दाबाच्या लाईन असतात, मोठ्या इमारतीचं तर स्वतःचं सबस्टेशन असतं आणि दोन वेगवेगळ्या बाजूंनी वीज घेतलेली असते. तर तुमच्या लाईनवरून ती ओढत नाहीत.

इथेच का, याची कारणं एकात एक गुंतलेली आहेत. समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, वर्सोव्याला. शेअर बाजार आणि बँका मुंबईत. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सांगितलं की पेमेंटचा सगळा डेटा भारतातच ठेवायचा आणि मुदत दिली ऑक्टोबरपर्यंतची, तेव्हा आमच्याकडे रॅकसाठी रांग लागली होती. आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात एमआयडीसीची मोकळी झालेली जमीन, जवळ वीज, पाणी, रस्ता. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे धरलं, अॅमेझॉन २०१६ मध्ये मुंबईत आलं, गूगल क्लाउड २०१७ मध्ये. आज देशातल्या डेटा सेंटर क्षमतेचा साधारण निम्मा भाग मुंबई आणि परिसरात आहे. जानेवारी २०२५ मध्ये अॅमेझॉनने महाराष्ट्रात २०३० पर्यंत ८.३ अब्ज डॉलर घालायचं जाहीर केलंय. बाहेरच्या बड्या कंपन्या सगळ्या इमारती स्वतः बांधतात असंही नाही, बऱ्याचदा दुसऱ्याने बांधलेल्या इमारतीचे मजलेच्या मजले भाड्याने घेतात, म्हणून पाटीवर भलतंच नाव दिसतं.

पण विजेचा मोठा प्रश्न तुम्ही विचारलाय असं धरून सांगतो, कारण तो खरा आहे. १०० मेगावॅटची एक जागा पूर्ण चालली तर दिवसाला २४ लाख युनिट. महिन्याला १५० युनिट जाळणारं घर धरलं तर जवळजवळ ४ लाख ८० हजार घरांची वीज. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशोबाने २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटर्सनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वापरले, जगाच्या विजेच्या दीड टक्का, आणि २०३० पर्यंत हे दुपटीहून जास्त होईल. दीड टक्का कमी वाटतं पण ही सगळी वीज ठराविक गावांतच लागते, आयर्लंडमध्ये २०२३ साली देशाच्या २१ टक्के वीज डेटा सेंटर्सनी घेतली. आणि एआयमुळे रॅकच बदललाय, एआयच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाचा नवा रॅक एकटा १२० किलोवॅटच्या आसपास घेतो, तिथे हवेने काम होत नाही, चिपला चिकटवलेल्या पट्टीतून पाण्यासारखं द्रव फिरवावं लागतं. विजेची भूक एवढी की मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये थ्री माईल आयलंड या अमेरिकेतल्या अणुवीज केंद्राची २०१९ ला बंद झालेली ८३५ मेगावॅटची भट्टी परत चालू करायला वीस वर्षांचा करार केला. १९७९ मध्ये अपघात झाला ते हेच केंद्र, मात्र भट्टी दुसरी.

तुमच्या खिडकीतून दिसणाऱ्या इमारतीच्या गच्चीवर किंवा मागे ओळीने मोठे कंटेनर दिसतील, ते डिझेल जनरेटर. एक मेगावॅट लोडला तासाला अडीचशे लिटरच्या वर डिझेल जातं. महिन्यातून टेस्टिंगला चालवतात तेव्हा आवाज आणि धूर येतो, त्याची वेळ रहिवाशांना आधी कळवली पाहिजे आणि हे मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मी या धंद्यावर पोट भरलंय, तरी माझं स्पष्ट मत आहे की प्रत्येक इमारतीने वर्षाला किती वीज, किती पाणी आणि किती डिझेल लागलं हे गेटवर पाटी लावून सांगावं.

प्रश्न : समुद्राच्या तळाशी डेटा सेंटर बुडवलं होतं म्हणे, खरं का? (वाचक, रत्नागिरी)

खरंय. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये स्कॉटलंडजवळ ऑर्कनी बेटांपाशी ८६४ सर्व्हर असलेली नळकांडी सुमारे ३५ मीटर खोल सोडली आणि २०२० मध्ये वर काढली. आत ऑक्सिजन नाही, कोरडा नायट्रोजन, माणसाचा हात लागत नाही, आणि सर्व्हर बंद पडायचं प्रमाण जमिनीवरच्या आठव्या हिश्शाएवढं निघालं. तरी प्रकल्प पुढे गेला नाही.

प्रश्न : माझं आयटीआय इलेक्ट्रिशियन झालंय, वायरमनचं लायसन्स आहे. डेटा सेंटरमध्ये माझ्यासारख्याला काम असतं का, की सगळे इंजिनियरच लागतात? (वय २३, अंबाजोगाई)

असतं, आणि चांगलं असतं. पण आधी एक खरं सांगतो, शेकडो कोटींची इमारत असली तरी एका शिफ्टला माणसं मोजकीच लागतात. बांधकाम चालू असताना हजारभर हात असतात, नंतर उरतात ते सिक्युरिटी, हाउसकीपिंग, सर्व्हर हाताळणारी थोडी मुलं आणि आपण, म्हणजे इलेक्ट्रिकल आणि एचव्हीएसी (हवा आणि गारव्याची यंत्रणा सांभाळणारे). जाहिरात बघताना डेटा सेंटर टेक्निशियन, शिफ्ट टेक्निशियन, क्रिटिकल फॅसिलिटी अशा नावांनी बघा, पुष्कळदा भरती थेट कंपनीची नसते, मेंटेनन्सचं कंत्राट घेणाऱ्याची असते, म्हणून पगारपत्रक आणि पीएफ आधी विचारून घ्या.

काम काय, तर दर दोन तासांनी राउंड. ट्रान्सफॉर्मरचं तापमान, पॅनलवरचे करंट, युपीएसच्या बॅटरी रूमचं तापमान, चिलरचं येणारं-जाणारं पाणी, डिझेलची पातळी, सगळं लॉगशीटवर. स्क्रीनवर बीएमएसमध्ये, म्हणजे इमारतीवर नजर ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, सगळं दिसतं तरी पायी फिरायचं, कारण जळका वास आणि बेअरिंगचा बदललेला आवाज स्क्रीनवर येत नाही. सिंगल लाईन डायग्राम, म्हणजे वीज कुठून कुठे जाते त्याचा नकाशा, वाचायला शिका, पहिल्या महिन्यातच तुमच्या इमारतीची ती पाठ झाली पाहिजे, अंधारात उभं करून विचारलं तरी हा ब्रेकर कुणाला वीज देतो हे सांगता यायला हवं. काम करताना ब्रेकरला कुलूप आणि स्वतःच्या नावाचा टॅग लावल्याशिवाय हात घालायचा नाही, सीनियर घाई करत असला तरी नाही.

एक प्रसंग सांगतो. माझ्या एका जुन्या साईटवर मेन सप्लाय गेला, युपीएसने लोड घेतला, नेहमीसारखं आम्ही जनरेटर पकडायची वाट बघत उभे होतो, दहा सेकंद, वीस सेकंद, दोन जनरेटर आले आणि तिसरा नुसता टकटक करून थांबला. करोडोंचं मशीन, डिझेल भरलेलं, सर्व्हिसिंग झालेलं, आणि स्टार्टिंगची बॅटरी बसलेली. लॉगशीटवर तिचं व्होल्टेज महिनाभर बरोबर लिहिलेलं होतं, कारण चार्जर लावलेला असताना मोजलं की ते बरोबरच दिसतं, स्टार्टर फिरवताना किती पडतं ते कोणी बघितलंच नव्हतं. एक जनरेटर जास्तीचा होता म्हणून निभावलं. युपीएसच्या बॅटरीत त्या वेळी सहा-सात मिनिटं शिल्लक होती, मी त्या दिवशी घरी गेल्यावर जेवलो नव्हतो.

इंटरव्ह्यूला विचारतील, लाईट गेली तर आधी काय बघाल. बहुतेक मुलं सांगतात जनरेटर. तुम्ही सांगा, युपीएस बॅटरीवर गेलाय का आणि बॅटरी किती मिनिटांची उरलीय ते, कारण पुढचं सगळं तेवढ्या मिनिटांत करायचंय. आणि मग जनरेटर. आणि त्यांना उलट विचारा की डीजीच्या, म्हणजे डिझेल जनरेटरच्या, बॅटरीची लोड टेस्ट किती दिवसांनी करता.